सिग्नलला बंद पडणारी बस

सासूबाईंची बस चौकात अडखळते, ही तक्रार मिस्त्रीच्या कानावर आली ती सोमवारी सकाळी, तो दात घासत असताना. तक्रार बायकोने सांगितली, आणि सांगता सांगता बजावलंही, "मी फक्त कानावर घालतेय हं. तुम्ही त्यात काही करायचं नाहीये."

मिस्त्रीने चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी बघतो."

बायकोने कपाळाला हात लावला. मिस्त्रीचं "मी बघतो" तिला चौदा वर्षांच्या संसारात चांगलंच ओळखीचं झालं होतं.

आता ही बस काही खरी नव्हती. सासूबाई एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला, बाहेर हिंडणं-फिरणं थांबलं, तेव्हा लेकीने त्यांना हातात धरून खेळायचा एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला. मधोमध स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, आकार पाटीएवढा. लोक त्यावर राक्षस मारतात, सासूबाई बस चालवायच्या. त्या खेळात अख्खं शहर होतं आणि सासूबाई त्या शहरात रोज दोन तास शाळा चालवल्यासारखी बस चालवत. वळायच्या आधी इंडिकेटर. पिवळा दिवा दिसला की ब्रेक. शाळेच्या आसपास वेग वीसच्या वर नाही. नियम मोडला की खेळात गुण कापले जात. तीन वर्षांत सासूबाईंचा एकही गुण कापला गेला नव्हता.

दर शनिवारी चार वाजता तर त्यांची सहल असे. सहा निवृत्त शिक्षक आपापल्या घरात बसून, आपापल्या बस घेऊन, खेळातल्या एकाच रस्त्याने रांगेत निघायचे. सोबतीला फोनवर सगळ्यांच्या गप्पा. रांगेचे नियम शिक्षकांनीच केलेले, त्यामुळे ते भरपूर होते. सगळ्यांत पुढची बस करील तसंच मागच्यांनी करायचं, तिला कुणी ओलांडायचं नाही, आणि पुढची बस तीनदा बंद पडली तर पुढारपण मागच्या बसकडे जाणार. वर्षभर ते पुढारपण भूगोलाच्या बाईंकडे होतं. येत्या शनिवारी ते पहिल्यांदाच सासूबाईंकडे येणार होतं, आणि नेमकं आता गर्दीच्या चौकात चित्र अडखळायला लागलं होतं.

मिस्त्री फ्रिजदुरुस्तीचं काम करायचा. हाताला यश होतं. बंद पडलेले फ्रिज त्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने सुरू होतात, असं गिऱ्हाइकं गमतीने म्हणत. फक्त एका घरात त्याची डाळ कधी शिजली नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने सासूबाईंचा फ्रिज तीनदा दुरुस्त केला आणि तो तीनदा बंद पडला. तेव्हापासून सासूबाई फोनवर मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्या जावयाचा हात लागला की वस्तू कायमची शांत होते." मिस्त्रीला हे वाक्य झोंबायचं. एकदाच, फक्त एकदाच त्या बाईने फोनवर चारचौघांत म्हणावं, की आमच्या जावयाने दुरुस्त केलं. बाकी त्याला आयुष्याकडून फारसं काही नको होतं.

त्याने सासूबाईंचं ते खेळायचं मशीन दुकानात आणलं आणि व्हिडिओ बघायला घेतले. एक दाढीवाला तरुण घसा फोडून सांगत होता की असं मशीन ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. पळवलं की ते तापणार, म्हणून त्याच वेळी त्याचं व्होल्टेज जरा कापायचं. वेग जास्त, वीज कमी, उष्णता कमी! मिस्त्री हरखून गेला. सगळी हयात वस्तू तापू नयेत म्हणून झटलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय वाटणार? त्याने दुकानातला कीबोर्ड मशीनला जोडला, कारण त्याशिवाय ते वेगाचं पान उघडतच नव्हतं. मग वेग वाढवला आणि व्होल्टेज कापलं. दाढीवाल्याने सांगितलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच कापलं.

मग चाचणी. सासूबाईंच्या बसला हात लावावा आणि एखादा गुण कापला जावा, एवढी त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने स्वतःच्या आवडीचा मोटारशर्यतीचा खेळ लावला आणि तासभर मोटार अशी काही पिटाळली, की समोरच्या शिंप्याने शिलाईमशीन थांबवून विचारलं, "बरे आहात ना?" मशीन एकदाही अडखळलं नाही. संध्याकाळी मिस्त्रीने ते सासूबाईंच्या हाती ठेवलं आणि "बघा" एवढंच म्हणून छाती काढून उभा राहिला.

"बघते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही नका उभे राहू. मला दडपण येतं."

मंगळवारी दुपारी फोन आला.

"मिस्त्री, बस थिजली."

"थिजली म्हणजे?"

"म्हणजे समोरचा माणूस एक पाय उचलून उभा आहे आणि तो पाय दहा मिनिटं खाली आलेला नाही. बटणं दाबली, दटावलंसुद्धा. काही उपयोग नाही."

मिस्त्री धावला. मशीन हाताला कोमट लागलं आणि त्याला रोग सापडला. फ्रिजवाल्याच्या लेखी जगातले सगळे बिघाड शेवटी उष्णतेपाशी जाऊन थांबतात. त्याने मशीन दुकानात नेलं, पंख्यातली धूळ काढली, आतलं उष्णता ओढून घेणारं मलम बदललं आणि सुरक्षित असावं म्हणून व्होल्टेज आणखी थोडं कापलं. पुन्हा तासभर शर्यत. मशीन वाऱ्यासारखं पळालं.

बुधवारी बस दोनदा थिजली.

"हवा लागत नाहीये त्याला," मिस्त्री म्हणाला. त्याने व्होल्टेज अजून कापलं आणि दुकानातला उभा पंखा आणून सासूबाईंच्या समोर ठेवला. पंखा कारखान्यात वापरायच्या जातीचा होता. तो सुरू होताच भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने पुढे गेलं आणि सासूबाईंचा चष्मा नाकावरून निघायला बघू लागला.

गुरुवारी बस पाच वेळा थिजली.

"आई, तुम्ही एक काम करा," मिस्त्री म्हणाला. "फ्रिजचं दार उघडं टाका आणि त्याच्यासमोर बसून चालवा."

"फ्रिजमध्ये बसू का सरळ?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

शुक्रवारी बायको आईकडे डोकावली, तेव्हा आई स्वयंपाकघरात उघड्या फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसली होती. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, मांडीवर शाल, पाठीमागून पंखा. फ्रिजमधलं दूध फाटलं होतं आणि आईच्या दातांचा आवाज दारापर्यंत येत होता.

"आई गं! हे काय?"

"तुझ्या नवऱ्याचा उपाय," आई कुडकुडत म्हणाली. "सकाळपासून अकरा वेळा थिजली. बारावी मीच."

घरी आल्यावर बायकोने मिस्त्रीला समोर बसवलं. "अहो, तुम्ही चाचणी कशी घेता?"

"कशी म्हणजे? जोरात! फुल स्पीड! तासभर एक्सलेटरवरून बोट काढत नाही."

"आणि आई कशी चालवते?"

"ते त्यांचं त्यांना माहीत. मशीनला काय कळतंय कोण चालवतंय?" मिस्त्री म्हणाला. पण व्होल्टेज आणखी एकदा कापून झाल्यावर त्यालाही आतून धाकधूक वाटायला लागली. सगळं होतं तसं परत करून टाकावं, असंही एकदा मनात आलं. पण मग चौकातलं अडखळणं परत आलं असतं, आणि त्याच्या पाठोपाठ फोनवरचं ते वाक्य. त्याने ठरवलं, की शनिवारी आपण स्वतः शेजारी बसायचं.

शनिवारी चारला पाच कमी असताना सासूबाई बाहेरच्या खोलीत कोचावर बसल्या. फ्रिजसमोर बसायला त्यांनी साफ नकार दिला होता. शेजारी मिस्त्री, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालायला. पलीकडे बायको, गंमत बघायला. फोन टीपॉयवर स्पीकरवर ठेवला होता आणि त्यातून पाच शिक्षक एकदम बोलत होते.

"निघू या का, बाई?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"रांग सरळ करा," सासूबाई म्हणाल्या. "भूगोलाच्या बाई, तुम्ही फार चिकटलाय मागून. अंतर ठेवा."

"ठेवलं हो," भूगोलाच्या बाईंचा आवाज साखरेत घोळलेला होता. "तुमचं मशीन जरा नाजूक आहे ना, म्हणून जवळ राहिले. लागलं तर मी आहेच पुढे यायला."

सहा बस निघाल्या. चौकात गर्दी होती, पण चित्र लोण्यासारखं सरकत होतं. मिस्त्रीचा ऊर भरून आला. पहिला सिग्नल लाल होता. सासूबाईंनी पांढऱ्या पट्ट्याच्या वीतभर अलीकडे बस उभी केली. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं.

"बाई, हिरवा झाला," फोनमधून चित्रकलेचे सर म्हणाले.

"माझ्याकडे लाल आहे."

"अहो, हिरवा होऊन पुन्हा लालसुद्धा झाला."

"सर, माझ्या डोळ्यांसमोर लाल असताना मी जाणार नाही. मुलांना काय शिकवलं आपण?"

मिस्त्रीने स्क्रीनकडे पाहिलं. समोरून रस्ता ओलांडणारा माणूस एक पाय वर घेऊन उभा होता. बस थिजली होती. मशीन बंद करून सुरू करण्यात तीन मिनिटं गेली. खेळाने बस जिथल्या तिथे ठेवली होती आणि मागे पाच बस नियमाप्रमाणे तिष्ठत होत्या.

"एक झालं," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या सिग्नललाही तेच झालं. लाल दिवा, सासूबाई थांबल्या, अर्ध्या मिनिटात सगळं चित्र गार. मिस्त्रीने मशीन उलटंपालटं केलं. हाताला ते चक्क थंड लागलं. त्याच्या हातातला पुठ्ठा गळून पडला.

"दोन," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "मी इंजिन सुरू ठेवते."

मिस्त्रीच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. शर्यतीत तो तासभर पळाला होता आणि मशीन एकदाही थिजलं नव्हतं, कारण तो एकदाही थांबला नव्हता. पळताना मशीन लागेल तेवढी वीज ओढून घेत होतं. उभं राहिलं की ते आपसूक घोटभर विजेवर यायचं, आणि त्या घोटातला अर्धा घोट मिस्त्रीने आठवडाभर थोडा थोडा करून काढून घेतला होता. उष्णतेचा काही संबंधच नव्हता. तो रोज इलाज म्हणून रोगच वाढवत होता. व्होल्टेज परत द्यायला हवं होतं, पण त्यासाठी कीबोर्ड हवा, आणि कीबोर्ड दुकानात, पाऊण तासाच्या रस्त्यावर.

"आई," तो म्हणाला, "बस थांबली की मशीन बंद पडतंय. थांबू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे सिग्नलला थांबू नका."

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं, की मिस्त्रीला न केलेला गृहपाठ आठवला.

"लाल असला तरी?"

"लाल असला तरी."

"मिस्त्री, मी बत्तीस वर्षं प्रार्थनेनंतर वाहतुकीचे नियम सांगितले आहेत."

"मग निदान उभ्या उभ्या काहीतरी चालू ठेवा. हॉर्न वाजवा, वायपर फिरवा, दिवे लावा. मशीनला काम मिळालं पाहिजे."

"पुढचा सिग्नल इस्पितळासमोर आहे. तिथे हॉर्न?"

मशीन पुन्हा सुरू झालं, बस निघाली आणि तिसरा सिग्नल दिसू लागला. दिवा लाल होता. सासूबाईंचा अंगठा ब्रेकच्या बटणाकडे निघाला. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फोनमधून गोड आवाज आला, "बाई, तुम्ही दमलात असं वाटतंय. मीच घेते ना पुढे. मला सवय आहे."

अंगठा मधल्या मधे थांबला.

"हिला पुढे जाऊ देऊ?" सासूबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. "माझ्या हयातीत नाही."

आणि त्यांनी सिग्नल तोडला.

बस इस्पितळासमोरून सुसाट गेली. एक सायकलवाला बाजूला झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरं चमकली, की दहा गुण कमी. तीन वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्री त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसला, आता रडतील की काय या भीतीने.

"बाई!" भूगोलाच्या बाई किंचाळल्या. "लाल होता!"

"पुढची बस करील तसं मागच्यांनी करायचं," सासूबाई म्हणाल्या. "नियम क्रमांक एक. तुम्हीच लिहिलाय."

मागोमाग पाच बसनी सिग्नल तोडला. नियमच तसा होता. चित्रकलेचे सर सगळ्यांत शेवटी होते, त्यांनी तोडताना "हुर्रे" केल्याचं सगळ्यांनी ऐकलं. चौथा सिग्नल आला आणि गेला. पाचव्याला सासूबाईंनी वेगही कमी केला नाही. सहाव्याच्या आधी त्यांनी डोक्यावरून पदर मागे टाकला, पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तो पुठ्ठा उचला. वारा घाला, पण मला."

"आई, जरा हळू," बायको म्हणाली.

"हळू गेले तर बंद पडेल. हो ना हो, मिस्त्री?"

"हळूने नाही पडणार, थांबलात तरच..."

"धोका कशाला घ्यायचा?"

मग रेल्वेचं फाटक आलं. फाटक खाली येत होतं, घंटा वाजत होती, लांबून गाडीचा दिवा दिसत होता. आता मात्र मिस्त्रीच उठून उभा राहिला. "आई, थांबा! इथे थांबा! बंद पडू दे!"

"आता तिसरी वेळ झाली तर पुढारपण जाईल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि बटण तळापर्यंत दाबलं.

फाटकाचा दांडा काडीसारखा मोडून टपावरून उडाला. फोनमध्ये कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पाठोपाठ पाच बस रुळांवरून धडधडत गेल्या, आणि शेवटच्या बसच्या मागून आगगाडी निघून गेली. दोन तासांची सहल एकूण अडतीस मिनिटांत संपली. धरणाच्या काठावर सहा बस ओळीने उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्यावर अर्ध्या मिनिटाने सासूबाईंचं मशीन थिजलं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोनवर सगळे एकाच वेळी ओरडत होते. भूगोलाच्या बाईंना हसता हसता उचकी लागली होती.

सासूबाईंचे सगळे मिळून दोनशे चाळीस गुण कापले गेले होते. मिस्त्रीने मशीन उचललं, पिशवीत घातलं आणि खाली मान घालून घरी गेला. तीन वर्षांची स्वच्छ पाटी आपल्यामुळे काळी झाली, आता चौदा वर्षांचं ते वाक्य मरेपर्यंत ऐकावं लागणार, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

रविवारी त्याने दुकान उघडलं ते फक्त या एका कामासाठी. कीबोर्ड जोडला, कापलेलं व्होल्टेज सगळं परत दिलं, वेग मात्र थोडा वाढलेला ठेवला. मग त्याने पहिल्यांदाच सासूबाईंचा खेळ उघडला, बस सिग्नलला नेली आणि उभी केली. दिवा हिरवा झाला तरी त्याने बस हलवली नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले, तरी तो उभाच. असा तो तीन तास वेगवेगळ्या सिग्नलना नुसता उभा राहिला. मशीन थिजलं नाही. गर्दीच्या चौकातून नेलं, तिथेही अडखळलं नाही. संध्याकाळी तो मशीन घेऊन सासूबाईंकडे पोचला तेव्हा त्याची चाल बदललेली होती.

"आई, झालं," तो म्हणाला. "पक्कं. चालवून बघा. आणि मुद्दाम थांबून बघा."

सासूबाईंनी मशीन घेतलं. पहिल्या सिग्नलला थांबल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा पाय वेळेवर खाली आला. दिवा हिरवा झाला. मिस्त्री शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

सासूबाईंचा चेहरा पडला होता.

"म्हणजे आता थांबावं लागणार," त्या म्हणाल्या.

एवढ्यात फोन वाजला. चित्रकलेचे सर होते.

"बाई, काल काय बहार आली! सगळे विचारतायत, मशीन दुरुस्त झालं का हो? म्हणजे, होऊ नये असं नाही, पण झालं तर मग येत्या शनिवारी पुन्हा नियमाने..." सरांच्या आवाजात विलक्षण काळजी होती.

सासूबाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं तो ज्या वाक्यासाठी झुरला होता, ते आता फोनपासून वीतभर अंतरावर होतं, आणि या वेळी ते शंभर टक्के खरं होतं.

"थांबा, जावईच इथे आहेत, त्यांनाच विचारा," सासूबाई म्हणाल्या आणि फोन त्याच्यापुढे धरला. धरताना त्यांनी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, तशी विनवणी त्या चेहऱ्यावर आजवर कुणी पाहिली नसेल.

मिस्त्रीने फोन हातात घेतला.

"नमस्कार सर," तो म्हणाला. "नाही हो. पुष्कळ खटपट केली, पण ते काही माझ्या आवाक्यातलं काम नाही. थांबलं की बंद पडतंच आहे."

"अरेरे!" सर आनंदाने ओरडले. "मग काय इलाज! सांगतो सगळ्यांना."

फोन बंद झाला. मिस्त्री कोचाच्या कडेवर टेकला. सासूबाईंनी थोडं सरकून त्याला नीट जागा करून दिली आणि बस पुन्हा सुरू केली. समोर लाल दिवा होता. तो त्यांनी ओलांडला, कुणी ऐकत नाही ना म्हणून मागे एकवार पाहिलं, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या,

"काम चोख केलंत हो, मिस्त्री. कुणाला सांगू नका."